वीस हात दोर

थोरल्यानं दारावर कुऱ्हाडीचा पहिला घाव घातला तेव्हा दोरवाली चहा गाळत होती. दुसऱ्या घावाला तिनं पातेलं खाली ठेवलं. तिसऱ्याला फळी फुटली, पातं चार बोटं आत आलं, आणि तिनं कोपऱ्यातली पहार उचलली.

घाबरली नव्हती असं नाही. एकसष्टाव्या वर्षी सकाळी सकाळी दारात कुऱ्हाड आली तर कोण घाबरणार नाही? पण भीतीच्या आधी तिला राग आला, कारण दार तिचं होतं. अगदी कागदानं बोलायचं तर दिवस मावळायच्या आत तिचं होणार होतं. दोन खोल्या, वर कौलं, मागं भाजीचा एक वाफा आणि पुढं पेरूचं झाड, एवढंच ते घर. थोरल्याच्या बापानं तिला ते विकलं होतं, पण एकरकमी नव्हे. दर महिन्याला थोडं थोडं फेडायचं आणि शेवटचा हप्ता पोचला की घर तिच्या नावावर, असा सहा वर्षांपूर्वी करार झाला होता. तो शेवटचा हप्ता आज होता.

"उघड, म्हातारे. नाहीतर दारासकट उभी चिरतो," बाहेरून थोरला म्हणाला.

तिनं आतूनच सांगितलं की सहा वर्षं धीर धरलास तसा अजून एक दिवस धर. संध्याकाळी तुझ्या बापाच्या हातात पैसे ठेवते, मग पाहुणा म्हणून ये, चहा पाजते.

थोरला हसला. "बापाच्या कुठल्या हातात? चार दिवस झाले, अर्धं अंग गेलंय त्याचं. जीभ लुळी पडलीय. पोचलं म्हणायला तोंड कुठाय आता त्याला?"

हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. चार दिवस त्या घरानं गोष्ट पोटात ठेवली होती, अन् ती कशासाठी ते आता उघड झालं. पहार तिच्या हातात सैल पडली. तेवढ्यात थोरल्यानं भगदाडातून हात आत घातला आणि तो कडी चाचपू लागला. ट्रक हाकून हाकून दणकट झालेला, केसाळ हात. दोरवालीनं तो क्षणभर पाहिला, मग पहार दोन्ही मुठींनी वर नेली आणि कडीवर आणली.

तीन बोटं गेली. वाळक्या काटक्या मोडाव्यात तसा आवाज आला. मग थोरला जो ओरडला तो पलीकडच्या रानात काम करणाऱ्यांनीही ऐकला, पण कुणी आलं नाही. अशा वेळी लोक फार कामात असतात.

हात मागं ओढताना त्यानं अर्धी कातडी फळीच्या कुसळांवर सोडली. डाव्या हातानं कुऱ्हाड धरून तो पेरूच्या झाडावर तुटून पडला. ते झाड तिनं पहिल्या हप्त्याच्या दिवशी लावलं होतं आणि गेल्याच वर्षी त्याला फळ धरलं होतं. सात-आठ घावांत ते आडवं झालं. पाण्याचा रांजण फोडला, कोंबड्यांचं खुराडं लाथेनं उलटं केलं, एक कोंबडी पायाखाली चिरडली. जाता जाता एवढंच म्हणाला की आज आमच्या अंगणात पाय ठेवून दाखव, तंगड्या हातात देतो.

ती मोडक्या दाराला पाठ लावून बसली. चहा गार झाला होता, तरी तो तिनं पिऊन टाकला. फुकट घालवायची तिला सवय नव्हती.

आता दोरवाली कोण, हे सांगायला हवं. विहिरी खोदणाऱ्यांच्या टोळीत ती वर बसून दोर धरायची. लग्नाला वर्ष झालं नव्हतं तेव्हा तिचा नवरा एका विहिरीत राहिला. वर दोर धरणारा गडी विडी पेटवायला दोन पावलं बाजूला गेला होता, तेवढंच. तेराव्या दिवशी ही उठली आणि टोळीच्या म्होरक्याला म्हणाली, यापुढं दोर मी धरणार. लोकांनी दात काढले. बाईमाणसाचं काम नाही म्हणाले. खाली उतरणारा एकच माणूस पुढं आला, तो पाताळ्या. सदा जमिनीच्या पोटात असायचा म्हणून हे नाव. तो म्हणाला, "जिचा गेलाय तिच्याच हातात दोर सुरक्षित." एकतीस वर्षं तो खाली होता आणि ती वर होती. आधी काळी माती, मग पिवळा मुरूम, मग सुरुंगाशिवाय न फुटणारा खडक. कितीतरी विहिरी झाल्या, पण तिनं एकदाही दोर सोडला नाही.

त्या कामाचा एक नियम होता. दोर धरणाऱ्यानं खाली बघायचं नाही. बघितलं की भोवळ येते, भोवळ आली की हात सुटतो. विहिरीकडे पाठ करून बसायचं, टाचा दगडाला लावायच्या, दोर खांद्यावरून घ्यायचा आणि तो काय सांगतो ते ऐकायचं. एक हिसका म्हणजे थांब. दोन म्हणजे पोचलो. तीन म्हणजे वर घे. खालून माणूस कितीही ओरडला तरी घुमून शब्द भलतेच होतात, म्हणून ओरडण्यावर विसंबायचं नाही. हिसका आला तरच खरं.

या सगळ्या वर्षांत ती कुणाच्या गोठ्यात, कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या ओसरीच्या कोपऱ्यात राहिली. भाडं दिलं तरी घरमालकिणी पाण्याचा हिशेब करायच्या. पंचावन्नाव्या वर्षी तिनं घर घ्यायचं काढलं तेव्हा गावाला करमणूक झाली. घर पाहावं बांधून म्हणतात, ही बघणार फेडून, असं म्हणून पारावरची माणसं मांड्यांवर थापा मारायची. पिकलेल्या पानानं कशाला फांदी धरावी, असंही कुणी म्हणालं. पैसा कुठला सावकार देईना, कारण तारण ठेवायला तिच्याकडे दोरच होता. तेव्हा पाताळ्या म्हणाला, "ताई, माझं रानातलं जुनं घर रिकामं पडलंय. तू घे. पैसे मला दे, जमतील तसे. सावकार कशाला मधे?"

कागद गावातल्या मास्तरांनी लिहिला. मास्तर म्हणत होते, दर हप्त्याला पावती करू. या दोघांना अक्षर ओळखता येत नव्हतं, आणि न कळणाऱ्या कागदावर भरवसा ठेवणं दोघांनाही मान्य नव्हतं. विहिरीत चालतं तसंच इथं चालेल, असं त्यांनी ठरवलं आणि मास्तरांना तसंच लिहायला लावलं: हप्ता घेणाऱ्याच्याच हातात द्यायचा, आणि घेणाऱ्यानं पोचल्याची खूण दिली तरच तो पोचला असं समजायचं. आपल्या पोरांनी मधल्यामधे पैसा खाऊ नये म्हणून पाताळ्याला 'घेणाऱ्याच्याच हातात' हे हवं होतं. पोरं तिथंच बसली होती. त्यांनी आपलं एक कलम घुसडलं: दिवस मावळायच्या आत पोचला नाही तर घर परत, आणि तोवर दिलेलं सगळं भाड्यात जमा. पाताळ्या म्हणाला, "असू दे ताई, माझं तोंड आहे ना पोचलं म्हणायला." आणि सहा वर्षं त्यानं ते न चुकता म्हटलं. आपण हसत हसत विणतोय तो फास आहे, हे दोघा शहाण्यांच्या ध्यानात आलं नाही.

पुढं त्या घराच्या शेजारून नवा रस्ता निघाला. थोरल्याला तिथं ट्रकचा अड्डा दिसू लागला, धाकट्याला दुकान. आयत्या बिळावर नागोबा व्हायला दोघंही तयार होते, फक्त बिळात म्हातारी होती.

दुपार टळल्यावर ती निघाली. पैसे फडक्यात बांधून पोटाशी ठेवले आणि त्यावरून जुना दोर गुंडाळला. बोटभर जाडीचा, वीस हात लांब, एकतीस वर्षांच्या घामानं गुळगुळीत झालेला. दहा वेढे बसले. आता पैसे हिसकायचे तर आधी दहा वेढे सोडवायला हवेत, असा तिचा हिशेब होता. पहार बरोबर घेतली. वाऱ्यानं नुसता उच्छाद मांडला होता. नांगरलेल्या रानातली माती उठून डोळ्यांत जात होती, आणि ढेकळं इतकी तापली होती की पायातलं पायताण असूनही टाचा भाजत होत्या.

रस्त्यानं गेलं तर पोरं दिसणार म्हणून तिनं कोरड्या विहिरीवरून जाणारी पायवाट धरली. ती एकच विहीर अशी होती की जिला पाणी लागलं नाही. नंतर गावानं तिच्यात दगडगोटे आणि पालापाचोळा टाकून ती निम्मी बुजवली. पोरं तिथंच वाट बघत होती. एकतीस वर्षं दोघांनी मिळून तुडवलेल्या वाटा पोरांनाही पाठ असणार, हे तिला सुचायला हवं होतं.

धाकट्यानं मागून काठी घातली. पहिली पाठीवर बसली, दुसरी मनगटावर, आणि पहार खाली पडली. थोरल्यानं तिच्या कमरेत लाथ घातली. ती गुडघ्यांवर आली तशी दुसरी लाथ तोंडावर घातली आणि तिचे पुढचे दोन दात मातीत पडले. तोंडात रक्त आणि धूळ एक झाली. तरी तिनं थोरल्याच्या पोटरीत उरलेले दात रोवले, आणि तो डाव्या हातानं तिचं डोकं ठोसत होता तोवर सोडले नाहीत. धाकट्यानं शेवटी तिला केसांना धरून काठावर ओढलं. पोटाशी हात घातला तर वेढेच वेढे. गाठ कुठली ते काही त्याला सापडेना.

"राहू दे पैसे," थोरला धापा टाकत म्हणाला. "तिलाच टाक. दिवस मावळेपर्यंत बसेल आत. आपल्याला काय खून करायचाय थोडाच."

आणि त्यांनी तिला टाकली.

विहीर बुजून दोन पुरुष खोल उरली होती, आणि खाली पाचोळा होता, म्हणून ती मेली नाही. कमरेच्या वेढ्यांनी मणका वाचवला. पण दोन बरगड्या आत काहीतरी टोचत होत्या आणि डावा डोळा मिटूनच गेला. वर थोरला सांगत होता की तू राखण बस, मी मास्तरांना कागद घेऊन घरी आणतो, दिवस मावळल्याचं त्यांच्याच डोळ्यांनी दाखवतो. मग वाऱ्याशिवाय काही ऐकू येईना.

ती पाचोळ्यात पडून रडली. मोठ्यानं, कुणी ऐकतंय का याची पर्वा न करता. दुखत होतं म्हणून आणि एवढ्या जवळ येऊन गेलं म्हणून. आयुष्यभर ती विहिरींच्या काठावर बसली, पण आत कधी उतरली नव्हती. वर आभाळाचं एक गोल भोक होतं. नवऱ्यानं शेवटी हेच पाहिलं असेल, असं तिच्या मनात आलं, आणि रडणं थांबलं.

मग तिला पाताळ्याचं बोलणं आठवलं. रोज संध्याकाळी वर आला की तो दिवसभराचं काम तिला सांगायचा, जणू तिनंच ते करायचं होतं. या विहिरीचं तर त्यानं फार सांगितलं होतं. उजव्या अंगानं पाय ठेवायला खोबण्या घेतल्यात, सव्वा सव्वा हातावर. वरून तिसरी मात्र डावीकडे आहे, तिथं खडक आडवा आला. तिनं भिंत चाचपली. पहिली खोबण सापडली. त्याच्या छिन्नीचे घाव बोटांना कळत होते. उजव्या हातानं वर धरायचं, पाय रोवायचा, बरगडीची कळ जाईपर्यंत थांबायचं, पुन्हा. वरून तिसरीपाशी तिचा हात सवयीनं उजवीकडे गेला आणि तिथं सपाट खडक लागला. तिनं डावीकडे हात नेला. खोबण होती.

धाकटा काठावर पाय आत सोडून उताणा पडला होता. धुळीपासून बचाव म्हणून तोंडावर फडकं घेतलं होतं, आणि त्याचं घोरणं आतपर्यंत ऐकू येत होतं. त्याच्या टाचा तिच्या कपाळापासून वीतभर होत्या. लहानपणी हे पोर तिच्या मांडीवर बसून दोराशी खेळायचं. दोरवालीनं एक हात खोबणीत घट्ट रोवला, दुसऱ्यानं त्याचा घोटा धरला आणि सगळं वजन टाकून खाली ओढलं.

तो तिच्या खांद्याला घासून गेला. खाली आदळल्याचा आवाज आला, त्यात हाड मोडल्याचा आवाज वेगळा कळला. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं कुणाला तरी दोर न बांधता खाली पाठवलं होतं.

"काकू, पाय गेला माझा. काकू, मला वर घ्या," तो विव्हळू लागला.

काठावर आडवी पडून श्वास घेता घेता ती म्हणाली, "बस तिथंच. दिवस मावळेपर्यंत." पहार शोधायला तिला खाली वाकवत नव्हतं, म्हणून ती तशीच निघाली.

पाताळ्याच्या अंगणात मास्तर बाजेवर बसले होते, मांडीवर कागद, हातात घड्याळ. थोरला फडकी गुंडाळलेला हात छातीशी धरून येरझाऱ्या घालत होता. दिवस कुंपणाच्या वर हातभर उरला होता. फाटकातून आत आलेलं ते काय आहे, हे मास्तरांना आधी कळेना. केस मातीनं थापलेले, एक डोळा बंद, हनुवटीवरून रक्त वाळलेलं.

"मास्तर," ती म्हणाली, "घड्याळ बघा."

थोरल्यानं कुंपणाचा खुंट उपटला आणि डाव्या हातानंच तिच्या खांद्यात घातला. ती पडली. पडल्यावर पोटात लाथ घातली, दुसरी घातली. मास्तर उठून 'अहो, अहो' करत होते. त्यांचा तेवढाच वकूब होता. ती कोपरांवर सरकत ओसरीकडे चालली होती आणि थोरला तिच्या पायाला धरून तिला मागं ओढत होता, तेव्हा घरातून वहिनी बाहेर आली.

वहिनी म्हणजे पाताळ्याची बायको. घरात असूनही कुणाच्या लक्षात न येणारी बाई. तिच्या एका गालावर काळंनिळं उमटलं होतं, कारण चार दिवसांपूर्वी ती दोरवालीला निरोप द्यायला निघाली होती आणि पोरांनी तिला अडवलं होतं. ती सरळ थोरल्यापाशी गेली, त्याचा फडक्यातला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, आणि ओला कपडा पिळतात तसा पिळला.

थोरला जमिनीवर बसला. त्याच्या तोंडून आवाजच फुटेना.

"जा तुम्ही आत," वहिनी म्हणाली. हात तिनं सोडला नव्हता.

पाताळ्या खोलीत भिंतीकडेच्या खाटेवर होता. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात अंगावर ठेवल्यासारखा पडलेला. डोळे मात्र जागे होते. तिला पाहून ते भरून आले. तिनं वेढे सोडले, फडक्यातले पैसे काढले आणि त्याच्या डाव्या हातात ठेवले. बोटं त्यांच्याभोवती हळूहळू मिटली. ओठ हलले, पण त्यातून घरघर तेवढी आली.

उंबऱ्याशी आलेला थोरला दाराला टेकून, घामानं डबडबलेला, तरी म्हणाला, "लिहा मास्तर. पोचलं म्हणाला नाही."

मास्तरांनी चष्मा पुसला, कागद उजेडाकडे धरला आणि वाचला. त्यांच्या आवाजाला कंप होता, पण अक्षर त्यांचं स्वतःचं होतं. "'म्हणाला तर' असं नाही लिहिलेलं. 'खूण दिली तर' असं लिहिलंय."

दोरवालीनं पैसे त्याच्या उशाशी सरकवले आणि त्या रिकाम्या मुठीत दोराचं टोक दिलं. मग दुसरं टोक घेऊन ती दारापर्यंत गेली, त्याच्याकडे पाठ करून उंबऱ्यावर बसली, टाचा चौकटीला लावल्या आणि दोर खांद्यावर घेतला. बाहेर उन्हाची शेवटची पट्टी अंगणातून सरकत कुंपणाकडे चालली होती. थोरल्याला वाटलं म्हातारी वेडी झाली. तिनं मागं वळून पाहिलं नाही. एकतीस वर्षांत पाहिलं नव्हतं, ते आज कशाला पाहील?

दोर सैलच होता. मग तो थोडा ताणला गेला. मग एक हिसका आला, इतका हलका की माशी बसली असं वाटावं. एक म्हणजे थांब. ती थांबली. तिच्या मिटल्या डोळ्यातूनही पाणी येत होतं. मग दुसरा आला.

"दोन," ती म्हणाली. "पोचलं."

"हे कसलं पोचलं," थोरला ओरडला, पण मास्तरांनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. एकतीस वर्षं साऱ्या गावानं त्याच दोन हिसक्यांवर विहिरी खोदून घेतल्या होत्या, आता ते नाही कसं म्हणणार? त्यांनी कागदावर वेळ लिहिली, सही केली, वहिनीचा अंगठा घेतला आणि कागद दोरवालीच्या हातात दिला.

तेव्हा थोरल्यानं विचारलं, धाकटा कुठाय. तिनं सांगितलं. कोरड्या विहिरीत आहे, पाय मोडलाय, दिवस मावळेपर्यंत बस म्हणून सांगून आलेय. सांगताना तिला बरं वाटलं, हे कशाला लपवा?

खांद्यावरचा दोर पुन्हा ताणला. एक, दोन, तीन. थांबून पुन्हा, एक, दोन, तीन. आता तिनं नियम मोडला आणि मागं पाहिलं. म्हातारा दाराबाहेर बघत होता, विहिरीच्या दिशेला.

"दादा, त्यानं मला ढकललंय," ती म्हणाली. "माझे दात गेले. मला नाही जमायचं."

तीन हिसके, आधीपेक्षा बारीक.

तिनं एक सणसणीत शिवी हासडली, ती बापाला होती की पोराला हे कुणी विचारलं नाही. मग म्हणाली, "बरं."

दोर हवा होता, पण म्हाताऱ्याची मूठ सुटेना. उघडायला गेलं की तो कळवळायचा. वहिनीनं विळा आणला आणि दोरवालीनं हातभर सोडून दोर कापला. तुकडा मुठीतच राहिला. तिसऱ्या दिवशी म्हातारा गेला तेव्हाही तो कुणाला सोडवता आला नाही, तसाच बरोबर गेला.

विहिरीवर चौघं गेली. जोराचा गडी एकच, थोरला, आणि त्याच्या उजव्या हाताचा सकाळीच भुगा झालेला. तो दोर धरू शकत नव्हता. तो दगडावर बसून ढसाढसा रडायला लागला. तेव्हा आपणच मोडलेल्या बोटांच्या जागी दोरवालीला आपलेच हात लावावे लागले. तिनं काठावरच्या खुंटाला दोराचा वेढा दिला, मास्तरांना आणि वहिनीला मागं उभं केलं, खाली दोर सोडला आणि पाठ करून बसली. बरगड्या म्हणत होत्या की बाई, आता पुरे.

"ओढा, काकू, ओढा," खालून आवाज घुमत होता.

"ओरडू नकोस. बगलेत बांध आणि तीन हिसके दे. तोंडावर माझा विश्वास नाही."

त्यानं वेडेवाकडे हिसके दिले, पाच-सहा एकदम. ती हलली नाही. बापाचं एवढं तरी शिकून घ्यायचं होतंस, असं तिनं त्याला सांगितलं. खाली रडण्याचा आवाज आला. मग थांबला. मग नीट, एकेक करून, तीन आले, आणि तिनं टाचा रोवल्या. हातभर ओढायची, खुंटावर ताण घ्यायची, थुंकायची. थुंकीत लाल होतं. वहिनीच्या तळव्यांची सालं निघाली, मास्तरांचा चष्मा मातीत गेला. धाकटं काठावर आलं तेव्हा त्यानं तिचा पाय धरला. तिनं पाय सोडवून घेतला, त्याच्या बगलेतला दोर सोडला, गुंडाळला आणि कुणाशी न बोलता चालू लागली.

घरी पोचली तेव्हा अंधारून आलं होतं. पेरूचं झाड आडवं होतं, पानं अजून हिरवी होती. तिनं त्यातला एक पेरू तोडला, पण पुढच्या दातांशिवाय तो चावेना, म्हणून कोनाड्यात ठेवला. कागद डब्यात ठेवला. मग दाराकडे पाहिलं. फळीत भगदाड, कडी तिच्याच पहारीनं वाकलेली. साठीनंतर स्वतःचं घर झालं आणि पहिल्याच रात्री त्याला लावायला दार नाही. तिला हसू आलं, आणि बरगडीत अशी कळ गेली की हसू गिळावं लागलं.

दोर एकोणीस हात उरला होता. तिनं तो भगदाडातून घेतला, चौकटीच्या कोयंड्यातून ओवला, आतून आवळला. गाठ बसली की नाही बघायला तिनं एक हिसका दिला. मग थोडं थांबून आणखी एक.